ऐन हंगामात खांदा दुखावला तर?

प्रश्न : अमेरिकेत हरणांच्या हंगामात धनुर्धारी शिकाऱ्याचा खांदा दुखावल्यास काय करावे?

उत्तर : दोरी ओढताना खांद्याच्या सांध्याभोवतीच्या कंडरांवर मोठा ताण येतो. कंपाउंड धनुष्य पूर्ण ताणल्यावर भार उतरतो. 80 टक्के उतार असलेल्या 60 पाउंडी धनुष्यात तो जेमतेम 12 पाउंड उरतो. पण तिथवर पोचताना 60 पाउंड पेलावेच लागतात आणि दुखरा खांदा नेमका तेव्हाच दगा देतो. हात थरथरला की बाण भलतीकडे लागून हरीण तडफडत राहते. म्हणून वेदना दाबून शिकार करणे चूकच. पर्याय म्हणून अनेक राज्यांत क्रॉसबो चालतो, काही ठिकाणी डॉक्टरांच्या दाखल्यावर. खांद्यावर ताण नको म्हणून तो हाताने न ओढता फिरकीने (क्रँकने) ताणावा. हात वर उचलता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.