कारणाच्या रकान्यात 'सहल' लिहायचं का?
(या महिन्याचा पाठ : घरच्या सहलीचा हिशोब)



मागच्या अंकात आपण शेळीपालनाच्या कर्जाचा हिशोब शिकलो. या महिन्याचा पाठ जरा वेगळा आहे. नाव वाचून हसू येईल, पण पाठ पूर्ण वाचा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिलेत.

गोष्ट मुखेड तालुक्यातल्या एका गटाची आहे. गटाचं आणि ताईचं नाव मी देत नाही, पण त्यांना विचारूनच लिहिते आहे. गेल्या वर्षीचा मे महिना. बैठकीत कर्जमागणी सुरू होती. कुणाला बियाणं, कुणाला खत. एका ताईचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मला पंधरा हजार पाहिजेत. लेकरांना घेऊन हैदराबादला फिल्म सिटी बघायला जायचंय."

आधी कुणी काहीच बोललं नाही. मग सगळ्या हसायल्या. एक जण म्हणाली, "माय, पेरणी तोंडावर आली अन् तुला सिनेमा सुचायलाय!" त्या ताईचा चेहरा उतरला. शेजारची हळूच बोलली, "अगं, शेळीसाठी म्हणून लिही की. कोण बघायलंय?"

त्यावर ताईनं दिलेलं उत्तर माझ्या वहीत अजून लिहिलेलं आहे : "नाही मिळालं तर नको. पण मी खोटं लिहिणार नाही."

मी तिथंच बसले होते. कॉलेजात शिकलेलं ओठावर आलं होतं, "हे अनुत्पादक कर्ज आहे." बोललेही. तेव्हा गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "मॅडम, मागच्या साली लग्नाला चाळीस हजार दिले, ते कुठं पिकले?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवशी शिकवायला मी गेले होते आणि शिकून परत आले.

कारण खरं का लिहायचं?

आपल्या दशसूत्रीत नियमित लेखे ठेवायचं एक सूत्र आहे. लेखे म्हणजे आकड्यांची बेरीज जुळली एवढंच नाही. कारणाच्या रकान्यात 'शेळी' लिहिलं आणि पैसे सहलीला गेले, तर पुढं तीन गोष्टी होतात. एक, गट शेळीच्या उत्पन्नाकडं बघून हप्ता ठरवतो, पण उत्पन्न येणारच नसतं. दोन, हप्ता थकला की ताई खरं कारण सांगू शकत नाही, म्हणून बैठकीलाच यायचं टाळते. तीन, उद्या दुसरी ताईही तेच करते आणि वहीवरचा विश्वास उडतो. गटाचं भांडवल पैशाचं असतं तितकंच विश्वासाचं असतं.

मग कर्ज मिळालं का? नाही मिळालं. पण सहल वाईट आहे म्हणून नाही. सचिव ताईनं पासबुक काढलं. गटाच्या खात्यात ३८,००० रुपये होते. पेरणीसाठी पाच जणींची मागणी मिळून ३०,००० होती. उरले ८,०००. त्यातून १५,००० देता येत नव्हते. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "तुझं कारण चुकीचं नाही, बाई. महिना चुकीचा आहे. सोयाबीन निघाल्यावर बघू." हसणं थांबलं आणि सहलीवर नीट बोलणं सुरू झालं.

हैदराबादच कामून?

आपल्याकडच्या माणसांना हैदराबाद परकं नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आजही नांदेड-लातूरची कितीतरी कुटुंबं दवाखान्याला, कामाला, खरेदीला तिकडं जातात. मोठं करमणुकीचं पार्क बघायचं तर आपल्याला मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं होतं, ते आता बंद आहे. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं. हैदराबादच्या बाहेर विजयवाडा रस्त्यावर रामोजी राव यांनी १९९६ मध्ये उभारलेली रामोजी फिल्म सिटी आहे. जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. आत बसमधून सिनेमाचे सेट दाखवतात, खेळ असतात, पाळणे असतात.

तशी आपल्या आजी-पणजीचीही 'पार्कं' होती. माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा. राहाटपाळणा, मौत का कुआँ, गोडी शेव, बांगड्या. फरक असा की यात्रेत जेवढ्या पाळण्यात बसाल तेवढे पैसे, आणि पार्कात दारातच एकदम सगळे पैसे. म्हणून पार्कचा हिशोब घरीच करून निघावं लागतं.

आता वही घ्या

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तिकिटाचे दर बदलत असतात, तुमच्या वेळचे दर विचारून टाका. कुटुंबात पाच माणसं धरू : नवरा-बायको, सासूबाई आणि दोन लेकरं.

जाणं-येणं आणि शहरातला प्रवास : २,४०० रु.
पार्कचं तिकीट, मोठी माणसं (३ × १,५००) : ४,५०० रु.
पार्कचं तिकीट, लेकरं (२ × १,२००) : २,४०० रु.
एका रात्रीचा मुक्काम : १,८०० रु.
जेवण, चहा, पाणी : २,००० रु.
खेळणी, फोटो, खरेदी : १,००० रु.
अडीअडचण : ९०० रु.
एकूण : १५,००० रु.

या पैशाला तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, सगळं कर्ज काढून. गटाचं व्याज महिना २ टक्के धरा आणि मुद्दल १,५०० रुपयांच्या दहा हप्त्यांत फेडा. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात ३००, दुसऱ्यात २७०, असं कमी होत शेवटच्या महिन्यात ३०. दहा महिन्यांचं मिळून १,६५० रुपये व्याज. म्हणजे एका मोठ्या माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त. पाच जण गेलात आणि तिकीट सहा जणांचं भरलंत. गटाचं व्याज निदान गटातच राहतं. दारात येऊन झटपट कर्ज देणाऱ्या कंपनीकडून घेतलं तर व्याज गावाबाहेर जातं आणि हप्ता चुकला की माणूस दारात बसतो. सहलीसाठी तो रस्ता कुणीच धरू नये, हे मी स्पष्ट सांगते.

दुसरा रस्ता, आधी बचत. महिना १,५०० बाजूला टाकले तर दहा महिन्यांत १५,००० होतात. रक्कम तीच, महिने तेच. फक्त आधी भरले तर व्याज शून्य.

तिसरा रस्ता त्या ताईनं काढला. तिनं आधी खर्चच कमी केला. भावकीतलं एक घर हैदराबादला कामाला आहे, त्यांच्याकडं मुक्काम ठरवला. मुक्कामाचे १,८०० वाचले, त्यांच्या लेकरांना खाऊ आणि साडीचोळीचे ५०० धरले. वाटेसाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून नेली, जेवणाचा खर्च १,२०० वर आला. खरेदीला ५००, अडचणीला ५००. प्रवास आणि तिकिटं तेवढीच. एकूण १२,०००.

जून ते डिसेंबर सात महिने, महिना १,००० रुपये तिनं स्वतःच्या बँक खात्यात टाकले, ७,००० झाले. सोयाबीन विकल्यावर मालकानं २,००० दिले. कमी पडले ३,०००. तेवढंच तिनं डिसेंबरच्या बैठकीत मागितलं. तेव्हा पेरणीचं कर्ज परत आलेलं होतं, गटात पैसा होता. तीन हप्ते, व्याज ६० + ४० + २०, एकूण १२० रुपये. कुठं १,६५० आणि कुठं १२०! कारणाच्या रकान्यात सचिव ताईनं लिहिलं : 'कुटुंबाची सहल'. मी ते पान बघितलंय. मार्चअखेर कर्ज फिटलं.

तिकीट काढण्याआधी एवढं विचारा

१. लेकरांचं तिकीट वयावर आहे की उंचीवर? बऱ्याच पार्कांत उंचीवर असतं. घरीच भिंतीला उभं करून उंची मोजून ठेवा.

२. तिकिटात काय-काय आलं? सगळे खेळ आले का, काहींचे वेगळे पैसे आहेत? सामान ठेवायच्या कपाटाचे पैसे किती? पाण्याचं पार्क असेल तर तिथं साधे कपडे चालत नाहीत, ठरावीक कापडाचे भाड्यानं घ्यावे लागतात. तो खर्च आधीच धरा.

३. बाहेरचं जेवण आत चालतं का? बहुतेक ठिकाणी चालत नाही. मग धपाटे प्रवासात खायचे आणि आतल्या एका जेवणाचे पैसे धरायचे.

४. शनिवार-रविवारचा आणि मधल्या वारचा दर एकच आहे का? पुष्कळदा मधल्या वारी स्वस्त असतं आणि रांगही कमी असते. शाळेची सुट्टी बघून वार ठरवा.

५. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. देगलूर सोडून पुढं गेलं की पूर्ण तिकीट. तेलंगणात बायकांना मोफत बस आहे ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपलं आधार कार्ड तिथं चालणार नाही. रेल्वेत पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही.

६. बीपी, हृदयाचा त्रास, कंबरदुखी असेल किंवा दिवस गेलेले असतील तर जोराच्या पाळण्यात बसू नका. पदर, ओढणी, वेणी नीट खोचून बांधून घ्या, यात्रेतल्या पाळण्यातसुद्धा. लेकरांच्या खिशात घरच्यांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आत गेल्या-गेल्या ठरवा.

पिशवी कोण धरणार?

ताई परत आल्यावर मी विचारलं, काय आवडलं? म्हणाली, "सासूबाई सिनेमाच्या खोट्या रेल्वे स्टेशनवर गेल्या अन् विचारायल्या, नांदेडची गाडी कितीला सुटते? सगळे हसू हसू मेले." मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, माळेगावच्या यात्रेला मी लग्न झाल्यापासून जायलेय. दरसाली लेकरं पाळण्यात बसतात, मालक बसतात, मी खाली पिशव्या अन् चपला धरून उभी. इथं तिकीट माझंबी काढलेलं होतं. पंधराशे रुपये. म्हणलं, पिशवी धरायला एवढे पैसे भरले का मी? मालकाच्या हातात पिशवी दिली अन् जाऊन बसले."

हे ऐकून मला माझी आई आठवली. आमच्या घरच्या सहलींच्या सगळ्या फोटोंत आई नाही. असली तर कडेला, हातात डबा. ती पहाटे तीनला उठून पुऱ्या करायची आणि गाडीत बसल्या-बसल्या झोपून जायची. आम्ही म्हणायचो, आईला फिरायची हौसच नाही.

म्हणून हिशोबाच्या कागदावर पैशाच्या शेजारी आणखी एक रकाना आखा : काम. डबा कोण करणार, लेकरांना कोण सांभाळणार, सामान कोण धरणार, परत आल्यावर कपडे कोण धुणार. प्रत्येकापुढं नाव लिहा. सगळीकडं एकच नाव येत असेल तर ती सहल बाकीच्यांची आहे, त्या बाईची नाही.

आणि सहल म्हणजे हैदराबादच, असं काही नाही. एका दिवसात, अर्ध्या तिकिटात जाण्यासारखी ठिकाणं आपल्या दोन जिल्ह्यांत भरपूर आहेत. माहूरची रेणुकामाता, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा (पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ नका, लांबूनच बघा), कंधारचा आणि उदगीरचा किल्ला, औसा तालुक्यातली खरोसा लेणी. पैसे कमी असतील तर सुरुवात इथून करा. हिशोबाची रीत तीच.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गटात कर्जाचं कारण खोटं लिहिलं गेलंय का? का लिहावं लागलं? कुणाचं नाव न घेता बोला.

२. लग्न, बारसं, देवाचं कार्य यांना आपण कर्ज देतो. सहलीला द्यावं का? दिलं तर किती आणि कोणत्या महिन्यात? पेरणी आणि शाळेच्या फीचे महिने धरून ठराव लिहा.

३. तुमच्या घरच्या पाच माणसांचा एका दिवसाच्या सहलीचा हिशोब वहीत मांडा. महिना किती बाजूला टाकले तर दिवाळीनंतर जाता येईल?

४. तुम्ही शेवटच्या पाळण्यात कधी बसलात?

चौथ्या प्रश्नाला हसून सोडून देऊ नका, प्रत्येकीनं उत्तर द्या. मुखेडच्या त्या गटात हा प्रश्न विचारला तेव्हा अकरापैकी सात जणी म्हणाल्या, "लग्नाच्या आधी."

तुमचे हिशोब आणि उत्तरं तुमच्या सीआरपी ताईकडं द्या. पुढच्या अंकात आपण अचानक येणाऱ्या दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळा निधी कसा ठेवायचा ते शिकू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक