ब्लॉक साइझ रिपोर्टमध्ये नको, डिस्कवर बघा

फाइलसिस्टिमच्या चाचण्या करणाऱ्या आणि हिरव्या रिपोर्टवर सही करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमच्यावर जे आरोप झाले त्यांचं उत्तरही यातच आहे.

एका कर्नल रिलीजनंतर ग्राहकाच्या जुन्या व्हॉल्यूमवरच्या फाइली बिघडल्या. व्हॉल्यूम ईएक्सटी४चं होतं, ब्लॉक १०२४ बाइटचे. खापर फुटलं आमच्या टेस्टिंग टीमवर: "१के वर तुम्ही नीट टेस्ट केलंच नाही." एक्सएफएसटेस्ट्सची कॉन्फिगरेशन फाइल रिलीज टीमकडून यायची. तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. प्रत्येक सेक्शनमध्ये प्रत्यक्ष ब्लॉक साइझ वाचून रिपोर्टमध्ये छापा, अशी मेल मी रिलीजच्या आधीच केली होती. "आत्ता वेळ नाही, पुढच्या वेळी बघू," एवढंच उत्तर आलं.

फाइलीत दोन सेक्शन होते, आधी ४के आणि मग १के. दोन्हीकडे ईएक्सटी४ आणि दुसऱ्यात एमकेएफएस_ऑप्शन्सपुढे '-बी १०२४'. नेहमीच्या इंटेल मशिनवर पेज ४०९६ बाइटचं असतं. १के ब्लॉक घेतला की एका पेजमध्ये चार ब्लॉक येतात, आणि ब्लॉक पेजपेक्षा लहान असतानाचा कोड खऱ्या अर्थाने चालतो: पेजमधले काही ब्लॉकच शून्य करणं, चारांपैकी एकच ब्लॉक डर्टी असणं, वगैरे. ४के वर त्या कोडला धक्काही लागत नाही. रिलीजमधला नवा पॅच फाइलीत होल पाडण्याच्या कोडमध्येच होता, म्हणजे सगळी भिस्त १के च्या सेक्शनवर होती.

एक टेस्ट दोन्ही सेक्शनमध्ये जवळजवळ सारखाच वेळ का घेते, हे मला खटकत होतं. म्हणून १के चा रन संपल्यावर टेस्ट डिव्हाइसवर डंपई२एफएस चालवलं. समोर आलं, 'ब्लॉक साइझ: ४०९६'. वाटलं, चुकीचं पार्टिशन दिलं. नाव तपासलं, पार्टिशन तेच होतं. खाली 'फर्स्ट ब्लॉक: ०'. १के च्या ईएक्सटी४ मध्ये तिथे १ असतो, कारण सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून लिहिलेला असतो. त्याखाली 'ब्लॉक्स पर ग्रुप: ३२७६८', जिथे ८१९२ हवे होते. शंकेला जागाच उरली नाही. १के चा म्हणून मिरवलेला रन टेस्ट डिव्हाइसवर ४के चाच होता.

कारण एक्सएफएसटेस्ट्सच्या वागण्यात आहे, आणि ते दडवलेलंही नाही. स्क्रॅच डिव्हाइस टेस्टा स्वतः पुन्हा फॉरमॅट करतात. टेस्ट डिव्हाइस मात्र जुनं होत जाणारं फाइलसिस्टिम म्हणून मुद्दाम तसंच ठेवलं जातं. सेक्शन बदलताना फाइलसिस्टिमचा प्रकार बदलला किंवा रीक्रिएट_टेस्ट_डेव्ह 'ट्रू' असलं, तरच ते नव्याने बनतं. इथे प्रकार दोन्हीकडे ईएक्सटी४, आणि ती ओळ फाइलीत नव्हती. जेनेरिक/०७५, ०९१, १२७, २६३ या एफएसएक्सच्या टेस्टा टेस्ट डिव्हाइसवरच चालतात. एफएसएक्स एकाच फाइलीवर यदृच्छेने लिहितं, वाचतं, छाटतं आणि प्रत्येक बाइट पडताळतं. हा दोष पकडायला याहून योग्य हत्यार नाही, आणि नेमकं तेच ४के वर चालत राहिलं.

मग स्क्रॅचच्या बाजूच्या '.फुल' फाइली उघडल्या. काहींमध्ये एमकेएफएस फेल झाल्याची नोंद होती आणि तिच्याखाली आता फक्त टेस्टचेच पर्याय घेऊन प्रयत्न करतो, अशा अर्थाची ओळ. टेस्टने स्वतः दिलेले पर्याय आणि आपले पर्याय यांचं जुळलं नाही, की टेस्ट सूट आपले पर्याय सोडून देते आणि पुढे जाते. टेस्ट पास होते. आपला १०२४ कुठे गळाला, हे फक्त त्या फाइलीत राहतं.

हे सगळं घेऊन मी मीटिंगला गेले. रिलीज टीमच्या प्रमुखांनी स्क्रीनवर रिपोर्टचा मथळा दाखवला, 'एमकेएफएस_ऑप्शन्स -- -बी १०२४', आणि म्हणाले, "मॅडम, हे काय आहे मग?" त्या ओळीत फक्त काय मागितलं होतं ते असतं, आणि तिच्या शेवटी स्क्रॅच डिव्हाइसचं नाव असतं, टेस्ट डिव्हाइसचं नसतंच. मी डंपई२एफएसचं आउटपुट पुढे केलं. ते कुणी वाचलं नाही. "पण रिपोर्ट तर हिरवा होता" हेच पुन्हा पुन्हा ऐकवलं गेलं. पुढे कॉन्फिगरेशन फाइलीत रीक्रिएट_टेस्ट_डेव्हची ती एक ओळ घातल्यावर १के च्या रनमध्ये एफएसएक्सने दोष लगेच पकडला. तेव्हा मात्र खोलीत कुणी काही बोललं नाही. आमच्या टीमबद्दल मेलमध्ये जे लिहिलं गेलं होतं, ते आजवर कुणी मागे घेतलेलं नाही.

आता जे सांगायचं ते.

टेस्ट आणि स्क्रॅच, दोन्हींचा ब्लॉक साइझ माउंट झाल्यावर वाचा आणि मागितलेल्या आकड्याशी ताडून बघा. ईएक्सटी४ असेल तर डंपई२एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_इन्फो. दोन्हींसाठी एकच कमांड हवी तर 'स्टॅट -एफ'. जुळलं नाही तर रन तिथेच थांबवा, नुसती वॉर्निंग देऊन पुढे जाऊ नका. 'ब्लॉकडेव्ह'च्या आकड्यांवर विसंबू नका, ते डिव्हाइसबद्दल बोलतात, फाइलसिस्टिमबद्दल नाही.

एकाच प्रकारच्या फाइलसिस्टिमचे दोन सेक्शन असतील, तर रीक्रिएट_टेस्ट_डेव्ह 'ट्रू' कराच. एका सेक्शनमधले पर्याय पुढच्या सेक्शनमध्ये आपोआप उतरतात, हेही लक्षात ठेवा. प्रत्येक सेक्शनमध्ये एमकेएफएस_ऑप्शन्स नव्याने लिहा.

'-बी' सगळीकडे एकच नाही. ईएक्सटी४ला '-बी १०२४' चालतं. एक्सएफएसला '-बी साइझ=१०२४' लागतं. बीटीआरएफएसमध्ये '-बी' म्हणजे फाइलसिस्टिमने प्रत्येक डिव्हाइसवर वापरायचा आकार बाइटमध्ये. तिथे ब्लॉकसाठी सेक्टरसाइझचा '-एस' वापरतात. एकाची ओळ उचलून दुसऱ्याला चिकटवू नका.

आकड्याची मर्यादा आधीच तपासा. तो दोनचा घात हवा. एक्सएफएसच्या आताच्या व्ही५ स्वरूपात १०२४ च्या खाली जाता येत नाही. डिस्कचा लॉजिकल सेक्टर ४०९६ असेल, तर १०२४ मागून उपयोग नाही. पेजपेक्षा मोठा ब्लॉक एक्सएफएसवर लिनक्स ६.१२ पासून माउंट होतो, त्याआधी नाही. म्हणून 'गेटकॉन्फ पेजसाइझ'चा आकडा रिपोर्टमध्ये असूच द्या. ६४के पेजच्या मशिनवर साधा ४के ब्लॉकही पेजपेक्षा लहान ठरतो.

पर्यायांमधून आकडा काढणारी स्वतःची स्क्रिप्ट असेल, तर तिला '४के' खाऊ घालून बघा. नुसते अंक उचलणारी स्क्रिप्ट त्याचे ४ बाइट करते.

प्रत्येक रननंतर '.फुल' फाइलींमध्ये एमकेएफएस फेल झाल्याच्या ओळी ग्रेप करा. 'नॉट रन'ची यादी मागच्या रनशी ताडून बघा. ती वाढली असेल तर 'पास'ला फारसा अर्थ नाही.

कॉन्फिगरेशन फाइल गिटमध्ये ठेवा आणि बदल कुणी केला ते दिसू द्या. आणि शंका तोंडी बोलू नका, मेलवर लिहा. मी लिहिलं होतं म्हणून आज हे ठामपणे सांगू शकते.

प्रत्यक्ष ब्लॉक साइझ छापलेला नसेल, तर अशा रिपोर्टवर सही करू नका. कितीही घाई असो, समोर कुणीही असो.