पावसाचा जमाखर्च

डब्यात पीठ किती आहे ते पाहून घरची बाई भाकरी थापते. गावाने पाण्याचे तसे का करू नये?

१९७२ चा दुष्काळ आमच्या वयाच्या माणसांना आठवतो. तेव्हा आम्ही शाळकरी पोरे होतो. नगर जिल्ह्यातल्या विहिरी आटल्या. माणसे खडी फोडायला गेली. मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्या कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. चांगले झाले. पण ही संकट आल्यावरची सोय. आधी काय करायचे?

मालदीव नावाचा एक देश आहे. सगळा लहान लहान बेटांचा. चहूकडे पाणी, पण खारे! म्हणून तिथले लोक पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात. समुद्र चढतो आहे, त्याचीही आखणी त्यांना आजच करावी लागते. आपली आपत्ती कोरडी, एवढाच फरक. आपल्या देशातही २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्तीची योजना आधी लिहून ठेवावी लागते. जिल्हाधिकारी त्या कामाचे प्रमुख असतात.

पण योजना गावातही हवी. ती पाहायची तर नगर तालुक्यातले हिवरे बाजार पाहा. पाऊस तिथे बेताचाच. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने श्रमदान केले. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले. मोकाट चराई बंद केली, झाडांवरची कुऱ्हाड थांबवली. पाणी जमिनीत मुरले, विहिरींना आले. पाणी आले की माणूस ऊस लावतो, हे आपण जाणतोच! या गावाने ऊस आणि केळी लावायची नाही असे ठरवले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हेही ठरवले. आम्हाला हे चर खणण्याहून अवघड वाटते.

गावात पाऊस मोजतात. तुम्हीही हिशेब करून पाहा. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४,००० लिटर पाणी होते. दहा लिटरची कळशी धरली, तर ४०० कळशा. त्यातले काही वाहून जाते, काही उन्हाने उडते, काही मुरते. उरलेल्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात. मग शेती. पाऊस कमी झाला असेल, तर रब्बीला जास्त पाण्याचे कोणते पीक सोडायचे, ते तिथेच ठरते. पेरणी त्यानंतर.