वाळूमाशीचा व्रण आणि शरीराची प्रतिकारशक्ती

राजस्थानातील बिकानेरच्या वाळवंटी भागात हातापायांवर किंवा चेहऱ्यावर उठणारा, फारसा न दुखणारा पण लवकर न भरणारा एक फोड लोकांच्या पूर्वापार परिचयाचा आहे. एकेकाळी दिल्लीत तो इतका आढळे की, वैद्यकीय ग्रंथांत त्याला दिल्लीचेच नाव मिळाले. पश्चिम आशियात तो अलेप्पो व बगदाद या शहरांच्या नावाने ओळखला जाई. यालाच आता ‘त्वचेचा लेश्मानियासिस’ म्हणतात. हा रोग सहसा जिवावर बेतत नाही. परंतु चेहऱ्यावर कायमचा वण ठेवून जातो आणि त्याचे दुःख रुग्णाला जन्मभर सोसावे लागते. असे असले तरी बहुतेक व्रण काही महिन्यांत, कधी वर्षभराने, आपोआप भरून येतात. हे कसे घडते, याचे उत्तर शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे.

रक्षकाच्याच घरात शत्रू

कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी १८८५ साली अशा फोडातील सूक्ष्म कणांचे वर्णन केले. ताश्कंद येथे बोरोव्स्की यांनी १८९८ मध्ये ते एकपेशीय प्राणी असल्याचे दाखवून दिले. हे परजीवी वाळूमाशीच्या दंशातून त्वचेत शिरतात. घातक काळा आजार घडविणारे जंतूही याच कुळातील होत.

शरीरात शिरलेले जंतू गिळून नष्ट करणे हे भक्षक पेशींचे काम. लेश्मानियाचे वैशिष्ट्य असे की, तो या पेशींकडून गिळला जातो, पण मरत नाही. आपली शेपटीसारखी कशा टाकून तो गोल रूप धारण करतो आणि त्या पेशीतच आपली संख्या वाढवितो. रक्तातील प्रतिपिंडे पेशीच्या आत पोहोचू शकत नाहीत. त्यामुळे ती कितीही निर्माण झाली तरी त्यांच्या बळावर हा रोग बरा होत नाही.

पेशींचा परस्परसंदेश

येथे ‘टी’ पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी उपयोगी पडतात. जंतूची ओळख पटल्यावर त्यांपैकी काही पेशी ‘इंटरफेरॉन गॅमा’ हे द्रव्य स्रवतात. हा संदेश मिळताच निष्प्रभ झालेली भक्षक पेशी जागृत होते आणि नायट्रिक ऑक्साइडसारखी विषारी द्रव्ये तयार करून आतील जंतूंचा नाश करते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, काही जातींत हा संदेश प्रबळ असल्याने व्रण भरून येतो. दुसऱ्या जातींत वेगळ्याच प्रकारच्या ‘टी’ पेशी वरचढ होतात आणि रोग बळावत जातो. माणसात ही विभागणी इतकी काटेकोर नसली, तरी मूळ तत्त्व तेच आहे.

उणे नको, अधिकही नको

प्रतिकार जितका जास्त तितका चांगला, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा रोग मात्र वेगळाच धडा देतो. इथिओपियातील काही रुग्णांत पेशींचा प्रतिसाद जवळजवळ उमटतच नाही. त्यांच्या अंगभर गाठी पसरतात व त्या जंतूंनी भरलेल्या असतात. याउलट ब्राझील, पेरू व बोलिव्हिया या देशांत आढळणाऱ्या एका प्रकारात जंतू अत्यल्प असतात, पण प्रतिसाद इतका तीव्र असतो की, त्यामुळेच नाकातील व घशातील ऊतींचा नाश होतो. म्हणून शरीर दाहाला आवर घालणारी द्रव्येही निर्माण करते. मात्र या संयमाचा लाभ घेऊन थोडे जंतू व्रण भरल्यावरही शरीरात दडून राहतात. एड्ससारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावल्यास ते पुन्हा डोके वर काढू शकतात.

लसीचा शोध

एकदा व्रण भरला की, त्याच जातीच्या जंतूपासून सहसा दीर्घकाळ संरक्षण मिळते. पश्चिम आशियातील लोकांना हे अनुभवाने ठाऊक होते. मुलांचा चेहरा विद्रूप होऊ नये, म्हणून झाकल्या जाणाऱ्या अवयवावर व्रणातील द्रव मुद्दाम टोचण्याची प्रथा तेथे होती. इराणमध्ये १९८०च्या दशकातील युद्धकाळात जिवंत जंतू टोचण्याची ही पद्धत सुमारे २० लाख लोकांसाठी वापरण्यात आली. परंतु काहींना टोचलेल्या जागी दीर्घकाळ न भरणारे व्रण झाल्याने ती मागे पडली. मृत जंतूंपासून बनविलेल्या लसींनी अपेक्षित संरक्षण दिले नाही. माणसासाठी सर्वत्र वापरता येईल अशी लस अद्याप उपलब्ध झालेली नाही.

तोपर्यंत प्रतिबंध व वेळीच उपचार हेच मार्ग उरतात. वाळूमाशी डासाहून लहान असल्याने साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत येऊ शकते. त्यासाठी बारीक विणीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरावी. आठवडे उलटूनही न भरणारा फोड डागणे किंवा त्यावर दाहक पदार्थ लावणे टाळावे आणि आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. औषध जंतूंची संख्या घटविते. पण रोगावर अखेरचा विजय शरीराच्या स्वतःच्या पेशीच मिळवितात. म्हणून औषधोपचाराबरोबरच रुग्णाची प्रकृती सांभाळणेही तितकेच अगत्याचे आहे.