पैसे मोजण्याआधी 1064

1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तरीही तालुक्याच्या गावी ‘देऊन टाका, काम मार्गी लावा’ हाच सल्ला अजून मिळतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करण्यासाठी खेटे घालताना मलाही तो मिळाला. कागदपत्रे पुरी होती. काम अडले होते ‘साहेबांचं बघावं लागेल’ एवढ्यावर.

कायद्याने वाट ठेवली आहे. बळजबरीने पैसे द्यावे लागलेला माणूस सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवील, तर त्याच्यावर गुन्हा नाही. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणाराही सुरक्षित. म्हणून मागणी झाली की पैशांची जुळवाजुळव करण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक फिरवावा.

तक्रार केली म्हणून लगेच सापळा लागत नाही. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, तक्रारदाराजवळ रेकॉर्डर दिलेला असतो. पैशाचा विषय आपण होऊन काढायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचे, हे मला दोनदा बजावले गेले. सगळी मेख तिथेच आहे. नोटांना लावलेली पावडर बोटांवर सापडली, तरी तेवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. लाच मागितली आणि स्वीकारली, दोन्ही सिद्ध व्हावे लागते. डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की तक्रारदार वारला किंवा फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. फार मोलाचा निकाल! खटला उभा राहीपर्यंत तक्रारदारावर भावकीतून, ओळखीपाळखीतून केवढा दबाव येतो, ते ज्याचे त्याला ठाऊक.

कायदा मात्र अजून अपुरा आहे. खटल्याला लागणारी मंजुरी तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात मिळावी आणि खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे तो म्हणतो. मंजुरीची मुदत टळली तर जबाब कोणी द्यायचा, ते सांगत नाही.

आणि तक्रारदाराच्या मूळ कामाचे काय? माझा अर्ज त्याच कार्यालयात पडून होता. नागरिकाला सात दिवसांची मुदत घालणाऱ्या कायद्याने त्याचे अडवलेले काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडून ठरावीक दिवसांत करून देण्याची हमीही द्यायला हवी. तोवर हाताशी आहे तो राज्याचा 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवेच्या अर्जाची तारखेसह पोच घ्यावी, मुदत उलटताच पहिले अपील करावे, मग दुसरे, आणि तरीही काम झाले नाही तर सेवा हक्क आयोगाकडे जावे.