आधी क्रम, मग कात्री

पोरी, बुद्धिबळाच्या इंजिनात छाटणी घालायला घेतलीस हे चांगलं केलंस. पण त्याआधी खेळ्यांचं झाड नीट उभं राहतंय ना, ते बघ. सुरुवातीच्या पटावरून मोजायला लाव. एका बाजूची एक खेळी म्हणजे एक प्लाय. पहिल्या प्लायला २०, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला ८,९०२, चौथ्याला १,९७,२८१ आणि पाचव्याला ४८,६५,६०९ यायलाच हवेत. एकानंही फरक पडला तर पुढची एक ओळ लिहू नकोस. आणि आकडे जुळले म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. या पाच प्लायमध्ये किल्लेकोट येत नाही, प्याद्याची बढती येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे पट मांडून मोज.

आता अल्फा-बीटा. क्लॉड शॅननने १९५० च्या लेखात एका पटावर सरासरी तीसेक खेळ्या धरल्या होत्या. त्या हिशेबानं सहा प्लाय खाली गेलीस की ७२ कोटी ९० लाख पट होतात. समज, तुझ्या पहिल्या खेळीनं अर्ध्या प्याद्याचा फायदा मिळतोय. दुसरी खेळी तपासायला घेतलीस आणि समोरच्याचं पहिलंच उत्तर तुझा वजीर खातंय. मग त्याची उरलेली एकोणतीस उत्तरं बघून काय करायचंय? दुसरी खेळी नेमकी किती वाईट आहे, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. ती पहिलीपेक्षा वाईट आहे एवढं कळलं, संपलं. आपल्या हाती आधीच आलेलं मूल्य म्हणजे अल्फा, समोरचा जास्तीत जास्त जेवढं होऊ देईल ते बीटा. या छाटणीत काहीच गमवावं लागत नाही. म्हणून तपासणीही सोपी आहे: तीच खोली, तोच पट, एकदा छाटणी बंद आणि एकदा चालू. मूल्य तेच यायला हवं. तसं येत नसेल तर चूक तुझ्या कोडमध्ये आहे, अल्फा-बीटात नाही.

मात्र ही कात्री किती चालेल, ते सगळं खेळ्यांच्या क्रमावर आहे. प्रत्येक ठिकाणी सर्वांत चांगली खेळी आधी आली, तर त्याच सहा प्लायला ७२ कोटींऐवजी फक्त ५३,९९९ पट तपासावे लागतात. सर्वांत वाईट आधी आली तर एकही वाचेलच असं नाही. कनूथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये याचं गणित नीट मांडून ठेवलंय. म्हणून सांगतो, नव्या युक्त्यांच्या मागे लागण्याआधी एक महिना नुसत्या क्रमावर घाल. आधी हॅश टेबलनं, म्हणजे पूर्वी तपासलेल्या पटांच्या नोंदवहीनं, सुचवलेली खेळी. मग मारामारी, तीही लहान मोहऱ्यानं मोठं मोहरं मारण्यापासून सुरू. मग शेजारच्या फांदीवर ज्या साध्या खेळीनं छाटणी झाली होती ती, म्हणजे किलर. बाकीच्या खेळ्या त्यांच्या आजवरच्या यशाप्रमाणे. थेट आठ प्लायला उडी मारू नकोस. एक, दोन, तीन असं पायरीपायरीनं जा. तेच तेच पुन्हा शोधण्यात वेळ जातो असं वाटेल, पण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उत्तम खेळी आधीच हातात देते आणि तो वेळ कैक पटींनी वसूल होतो. एक आकडा सतत छापत राहा: जितक्या वेळा छाटणी झाली, त्यांतल्या किती वेळा ती पहिल्याच खेळीवर झाली? दहात नऊच्या आसपास असेल तर क्रम बरा आहे. सातवर अडकली असशील तर बाकी सगळं थांबव आणि क्रम सुधार.

हॅश टेबलमध्ये मूल्य ठेवताना ते कोणत्या जातीचं आहे तेही ठेव: नेमकं, ‘निदान एवढं’ की ‘जास्तीत जास्त एवढं’. छाटलेल्या फांदीचं मूल्य नेमकं नसतंच. ते नेमकं समजून वापरलंस तर इंजिन अधूनमधून कारण नसताना मोहरं सोडून देईल, आणि ही चूक शोधणं फार जिवावर येतं.

खोली संपली की लगेच मूल्यमापन करू नकोस. शेवटच्या प्लायला वजिरानं प्यादं मारलं आणि तिथेच थांबलीस, तर इंजिनला प्यादं मिळाल्याचा आनंद होतो. पुढच्याच खेळीत तो वजीर जाणार आहे हे त्याला दिसत नाही. मारामारी संपून पट शांत होईपर्यंत खाली जात राहा.

इथपर्यंतचं सगळं बिनधोक. इथून पुढची प्रत्येक छाटणी कशावर तरी विश्वास टाकते, आणि तो कुठे फसतो हे आधी ठाऊक हवं. नल मूव्हचंच घे. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियान डोनिंगरच्या १९९३ च्या लेखानंतर ती घरोघरी पोचली. कल्पना मोठी देखणी आहे: माझी पाळी असताना मी काहीच खेळलो नाही, समोरच्याला लागोपाठ दोन खेळ्या दिल्या, आणि कमी खोलीच्या शोधातही माझं मूल्य बीटाच्या वरच राहिलं, तर हा पट इतका चांगला आहे की पुढे बघायला नको. यामागचा विश्वास असा की काहीतरी खेळणं हे काहीच न खेळण्यापेक्षा बरं असतं.

आता हा पट मांड. पांढरा राजा डी-६ वर, पांढरं प्यादं ई-७ वर, काळा राजा ई-८ वर, खेळी काळ्याची. त्याला एकच घर मोकळं आहे, एफ-७. तिथे गेला की पांढरा राजा डी-७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. पण काळ्याला पाळी सोडता आली असती तर? पांढरा राजा ई-६ वर आला तर काळ्याला खेळीच उरत नाही, डाव बरोबरीत. दुसरीकडे कुठेही गेला तर प्यादं जातं. म्हणजे नल मूव्ह सांगणार बरोबरी, आणि प्रत्यक्षात काळा हरलेला. याला झुगझ्वांग म्हणतात. राजा आणि प्यादी एवढीच उरली असतील, त्या बाजूसाठी नल मूव्ह बंद ठेव. शह असताना करू नकोस, आणि लागोपाठ दोनदा तर नाहीच.

उशिरा येणाऱ्या खेळ्यांची खोली कमी करणं, ज्याला एलएमआर म्हणतात, ते सर्वांत शेवटी घे, कारण ते पूर्णपणे तुझ्या क्रमावर विसंबून असतं. पहिल्या तीन-चार खेळ्या पूर्ण खोलीनं बघ, नंतरच्या साध्या खेळ्या एक प्लाय कमी. त्यांतली एखादी अल्फाच्या वर आली तर तीच पुन्हा पूर्ण खोलीनं शोध. हा फेरतपास विसरू नकोस. मारामारी आणि शह देणाऱ्या खेळ्या सुरुवातीला यातून वगळ.

या धोक्याच्या छाटण्यांना ‘मूल्य तेच आलं का’ ही कसोटी लागू पडत नाही. इथे डावच खेळवावे लागतात. स्टॉकफिश या इंजिनाचे लोक एकेका बदलासाठी फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी-व्यवस्थेवर जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव लावतात. तुझ्याकडे एकच लॅपटॉप आहे, तर प्रत्येक खेळीला थोडा वेळ देऊन जुनं इंजिन विरुद्ध नवं असे रात्रभर डाव लाव. प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी खेळव. एका वेळी एकच बदल. पन्नास डावांत नवं पुढे दिसलं तरी थांब, निदान हजार होऊ दे, आणि मग मला निकालाबरोबर तो पहिल्या खेळीच्या छाटणीचा आकडाही पाठव.