औषध की विष?

मुलांनो, पिकावर कीड पडली की शेतकरी म्हणतो, "आज औषध मारायचे आहे." उर्दूतही आपण 'कीडेमार दवा' असेच म्हणतो. पण औषधाने आजार बरा होतो. या डब्यात मात्र विष असते. म्हणून त्याचे खरे नाव माहीत हवे.

'नाशक' म्हणजे नाश करणारे. किडीचा नाश करते ते कीटकनाशक. पिकात नको असलेले गवत उगवते, त्याला तण म्हणतात. तण मारते ते तणनाशक. पिकावरची बुरशी मारते ते बुरशीनाशक.

सगळेच कीटक शत्रू नसतात. मावा पानांतील रस शोषतो; तो शत्रू. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो, तो मित्र. फवारणीत मित्रही मरतो आणि पुढे माव्याला मोकळे रान मिळते. म्हणून आधी साधे उपाय करावेत. निंबोळीच्या गराची 5 किलो पूड रात्रभर पाण्यात भिजवतात. सकाळी ती गाळून, पाणी घालून 100 लिटर करतात. हा निंबोळी अर्क. बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावतात. त्यातील मादीसारख्या वासाने नर पतंग येऊन अडकतात.

एवढ्याने भागले नाही, तरच कीटकनाशक वापरावे. डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जास्त विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हिरव्यातही विष असतेच! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले.

विष शेतातच राहत नाही. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, तर मासे मरतात. जास्त घातलेल्या खतातील नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. पिण्याच्या एका लिटर पाण्यात ते 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळले तरी नायट्रेट जात नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. म्हणून पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी त्यात पाणी भरू नये. घरात कोणाला वाचता येत नसेल, तर डब्यावरच्या सूचना तुम्ही वाचून दाखवा. तुमचे वाचन एखाद्याचा जीव वाचवू शकेल.

शब्दार्थ
फवारणी – बारीक थेंबांच्या रूपाने शिंपडणे
निंबोळी – कडुनिंबाचे फळ
झिरपणे – हळूहळू आत मुरणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
1. ढालकिड्याला शेतकऱ्याचा मित्र का म्हटले आहे?
2. 'स्वच्छ' आणि 'शुद्ध' या शब्दांतील फरक पाण्याचे उदाहरण देऊन सांगा.
3. 'नाशक' जोडून झालेले तीन शब्द वाक्यात वापरा.